दोलुमची लुमरी

मी पुण्याची आहे असं सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे बघतो आणि मग विचारतो, "नाही, पण मूळच्या कुठल्या?" मी म्हणते, शनिवार पेठेतली. मग तो नाद सोडतो, किंवा "नेपाळ का?" म्हणून शेवटचा एक खडा टाकून बघतो. रिक्षावाल्यांपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत हा संवाद मी इतक्या वेळा केला आहे की आता त्यात माझ्या बाजूने काही कष्ट पडत नाहीत. माझी मराठी ऐकून त्यांना जो धक्का बसतो तो मात्र मला अजूनही आवडतो. जन्मभर मी शाळेत मराठी शिकवली. 'न' कुठे आणि 'ण' कुठे हे पेठेतल्या पोरांना मी शिकवलं. याचा मला गर्व आहे, आणि आता ज्या दिवसांबद्दल लिहायचं आहे ते आठवले की त्याच गर्वाची लाजही वाटते.

मूळ सांगायचं तर हिमालयाच्या पायथ्याशी, आसामचं सपाट रान संपून डोंगर चढायला लागतात तिथे, एका नदीच्या खोऱ्यात मी जन्मले. आमच्या लोकांचं नाव मी लिहीत नाही. सरकारी कागदांत आम्हाला शेजारच्या मोठ्या जमातीत घातलेलं आहे, ते नाव आमचे लोक मानत नाहीत आणि आमचं स्वतःचं नाव बाहेर कोणाला माहीत नाही. तिथे दर नदीला वेगळी भाषा. डोंगर ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात गेलं की मीठ मागायलाही हातवारे करावे लागतात. विद्वान लोक या सगळ्या भाषांना मिळून तिबेटी-बर्मी असं एक मोठं नाव देतात. ते बरोबरच असणार, पण मीठ मागणाऱ्याला त्याचा काही उपयोग नसतो.

मला आठवतं ते घर बांबूचं, खांबांवर उभं केलेलं. जमिनीच्या फटींतून खाली डुकरं दिसायची. मधोमध चूल, म्हणजे तीन दगड आणि कधीही न विझवलेला विस्तव, आणि त्याच्यावर छतापासून टांगलेला बांबूचा माच. त्या माचावर मांस, मासे, पुढच्या वर्षीचं बियाणं, सगळं धुरात काळं होत राहायचं. आम्हीही धुरातच वाळायचो. आई मी फार लहान असताना गेली आणि माझ्या मागचं भावंडही तिच्याबरोबर गेलं. राहिलो आम्ही दोघं, मी आणि आबो. आमच्याकडे बापाला आबो म्हणतात. रात्रंदिवस नदीचा आवाज असायचा, त्यामुळे आमचे सगळे लोक जरा मोठ्यानेच बोलायचे.

नाना तिथे रस्त्याच्या कामावर ओव्हरसिअर होते. त्यांची बायको माई त्यांच्याबरोबर छावणीत राहायची. त्यांना मूल नव्हतं. आबो रस्त्यावर दगड फोडायला जायचा आणि मी त्याच्यामागे जायचे. माईने मला गुळाचा खडा दिला, मग पाटी दिली, मग तिच्या जुन्या लुगड्याचा फ्रॉक शिवून दिला. नानांची बदली झाली तेव्हा त्यांनी आबोला विचारलं, पोरीला शिकायला नेऊ का. आबोने पुष्कळ विचार केला असणार. रस्ता आला आहे, आता रस्त्यावरून कागद येतील, आपल्यातलं कोणीतरी ते वाचणारं पाहिजे, असं तो म्हणाला. शिकली की परत पाठवा, असंही म्हणाला. नानांनी हो म्हटलं, आणि नाना खोटं बोलणारे नव्हते. तेव्हा मी सहासात वर्षांची असेन.

पुण्यात आल्यावर सुरुवातीला मी आमच्याच भाषेत बोलायचे. ऐकणारं कोणी नव्हतं म्हणून मोरीतल्या पालीशी बोलायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, मागे गॅलरी, खाली भांड्यांच्या दुकानात दिवसभर ठोकाठोक. माई मला समोर बसवून 'ळ' म्हणायला लावायची. 'केळं' म्हटलं की केळं मिळायचं, 'केलं' म्हटलं की नुसतं बघायला मिळायचं. मेतकूट भात, अळूची भाजी, चतुर्थीची उपवासाची कचोरी, हे सगळं त्या जिभेने घेतलं आणि तिच्यावरचं आधीचं कुठेतरी सरकलं. भाषा कोणी माझ्याकडून हिसकावून घेतली नाही. वापरात नसलेल्या भांड्यासारखी ती माळ्यावर गेली, आणि पुढे माळ्यावरूनही कधी गेली ते कळलं नाही. पाणी, विस्तव, ये, नको, आणि डुकरांना बोलावायची हाक एवढं उरलं. डुकरांना बोलावायची वेळ शनिवार पेठेत येत नाही.

शाळेत घालताना नाव लागलं ललिता. मधे नानांचं नाव, शेवटी त्यांचं आडनाव. माई म्हणाली, "आहे त्या नावाचा 'ल' ठेवलाय हो, तिला परकं वाटायला नको." माझं नाव लुमरी होतं. दोघांनी हे अगदी प्रेमाने केलं. त्यात नेमकं काय मोडलं हे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता.

माझ्या मॅट्रिकच्या वर्षी आबो आला. तिकडून नानांना कोणीतरी कळवलं होतं की दोलुम फार खोकतो, रक्त पडतं. नानांनी उलट निरोप धाडला की पुण्यात मोठे डॉक्टर आहेत, पाठवून द्या. पुण्याच्या लष्करी छावणीत येणाऱ्या एका जवानाने त्याला गाड्या बदलत बदलत आणलं आणि दुपारच्या वेळी आमच्या दारात उभं केलं. मी पाटावर बसून भूमितीचं प्रमेय घोकत होते. दारात एक बुटका, वाळलेला माणूस, अंगात कोणाचा तरी मोठा कोट, पाठीवर कपाळाच्या पट्ट्याने अडकवलेली वेताची टोपली. तो काहीतरी म्हणाला. मी नुसती बघत राहिले. त्याने पुन्हा तेच म्हटलं. माईने मला कोपराने ढोसलं, "अगं ललिता, तुलाच हाक मारतायत ते." मग धुराचा वास आला, कोटातून, केसांतून, आणि त्या वासाने मला कळलं की हा आबो आहे आणि तो 'लुमरी' म्हणतो आहे.

त्याने माईकडे बघून विचारलं, "ललिता कौन?" माई म्हणाली, "हीच की हो." त्याने मान हलवली, जशी दुसऱ्याच्या घरात न आवडलेला पदार्थ वाढल्यावर हलवतात. त्या दिवशी तो जेवला नाही. माईला वाटलं, प्रवासाचा शीण असेल.

आम्ही बाप-लेक बोलणार कसे हा प्रश्न होता. त्याला रस्त्याच्या छावणीत शिकलेली आसामी मिसळलेली हिंदी यायची. मला पुण्याची हिंदी यायची, जिला हिंदी म्हणणं हा औदार्याचा भाग आहे. तो म्हणायचा, "खाना खाया?" मी म्हणायचे, "खाया ना." एवढ्यावर अर्धा तास जायचा. दोघांचीही नसलेली भाषा मधे ठेवून आम्ही दोन्ही बाजूंनी तिच्याकडे बघत बसायचो. कधीकधी तो विसरून आमच्या भाषेत सुरू व्हायचा, भराभर, हात हलवून, मधेच हसून. मी मान डोलवायचे. मग माझा चेहरा बघून तो थांबायचा आणि पुन्हा म्हणायचा, "खाना खाया?"

त्याच्या टोपलीत पानात बांधलेलं धुरकट मांस होतं आणि बांबूच्या नळीत कोवळ्या बांबूचं आंबवलेलं लोणच्यासारखं काहीतरी. नळी उघडली तसा वास खाली भांड्यांच्या दुकानापर्यंत गेला. शेजारचे काका गॅलरीतून वाकून म्हणाले, "काय हो, तुमच्याकडे कोणी गेलंबिलंय का?" नाना म्हणाले, "अजून नाही. गेलं की आपल्याला पहिलं बोलावू." मांस माईने नाकाला पदर लावून, पण फेकून न देता, गॅलरीतल्या डब्यात बंद करून ठेवलं. आणि ज्या बाईच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नसे तिने गॅलरीत वेगळा स्टोव्ह मांडला, वेगळं पातेलं काढलं आणि तो बांबू त्याला भाताबरोबर शिजवून दिला. आबो स्टोव्हच्या जवळ बसून जेवला. त्याला विस्तवाशेजारीच झोप लागायची, म्हणून माईने तिची जुनी शेगडी त्याच्या अंथरुणाशी ठेवली. माईबद्दल पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचताना ही शेगडी लक्षात असू द्यावी.

नानांनी ओळखीच्या डॉक्टरांना दाखवलं. फुप्फुसात फारसं काही उरलेलं नाही, असं डॉक्टर नानांना बाजूला घेऊन म्हणाले. औषधं लिहून दिली, आणि घरातच ठेवा म्हणाले. नानांनी आबोला ते कसं सांगावं याची तयारी चालवली होती, पण आबोला ते आधीच माहीत होतं. तो बरा व्हायला आलाच नव्हता. हे त्याने मला गच्चीवर सांगितलं.

गच्चीवर माईची वाळवणं असायची. दुपारी मी अभ्यासाला वर जायचे आणि आबो काठी घेऊन पापडांवरचे कावळे हाकायचा. ते काम त्याला आवडायचं, कारण ते त्याला करता येत होतं. एका दुपारी त्याने मला पुस्तक बाजूला ठेवायला लावलं आणि तुटक्या हिंदीत, शब्द शोधत, पुन्हा पुन्हा तेच सांगत, आमची रीत सांगितली. आमच्याकडे बापाचं नाव ज्या आवाजावर संपतं त्यावर मुलाचं नाव सुरू होतं. सिकोचा मुलगा कोते. कोतेचा तेबा. तेबाचा बादो. बादोचा दोलुम, म्हणजे आबो. दोलुमची लुमरी, म्हणजे मी. सिकोच्या वरही पुष्कळ होते, पण सिको आमच्या नदीवर पहिला आला, म्हणून नावं त्याच्यापाशी थांबतात. त्याने बोटं एकमेकांत अडकवून दाखवली, टोपली विणताना वेताची कड अडकवतात तशी.

माणूस मेला की तो याच नावांवरून चालत परत जातो. आधी बापाच्या दाराशी, मग आजाच्या, मग पणजाच्या. प्रत्येक दारात त्याला तांदळाची बियर देतात, विस्तवाशी बसवतात आणि पुढच्या दाराची वाट दाखवतात. पण त्याला स्वतःला वाट दिसत नाही. मेलेल्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. म्हणून रक्ताचं कोणीतरी विस्तवाजवळ बसून आधी स्वतःचं नाव सांगतं आणि मग एकेक दार हाका मारून उघडत जातं. ते पहिल्या पूर्वजापर्यंत पोचलं की माणूस घरी पोचला. एकच गोष्ट सांभाळायची. हाका मारणाऱ्याने मधे वळायचं नाही. दुसऱ्या कोणाला ओ द्यायची नाही. तू वळलीस की मी वळलो, असं आबो म्हणाला. मग मला पुढचं दार सापडायचं नाही. मी तुझ्याच मागे उभा राहीन.

"गावात कोणी नाही का?" मी विचारलं. गावात चुलत भाऊ होते, पण गाव तिकडे होतं आणि तो इथे मरणार होता. आणि रक्ताची म्हणून इथे मीच होते. तो एवढ्या गाड्या बदलून, कोणाचा तरी कोट घालून, खोकत खोकत आला होता तो मला ही नावं म्हणायला शिकवायला. मी त्याला हे का म्हणून विचारलं नाही. मला रडू आलं आणि त्याने काठी उचलून पापडावर न आलेला कावळा हाकला.

मग रोज दुपारी तो शिकवायचा. नावं सोपी होती. नावांच्या मधले शब्द, दार उघड, आला आहे, बसव, पुढे पाठव, हे मी अर्थ न कळता पाठ केले, जसे इतर मुली रामरक्षा पाठ करायच्या. पाठांतर मला चांगलं होतं. पण सुरुवात मी चुकायचे. सुरुवातीला म्हणायचं, मी लुमरी, दोलुमची. मी लुमरी म्हणायचे तेव्हा मला कोणा दुसऱ्याच मुलीबद्दल बोलतेय असं वाटायचं, आणि ते त्याला ऐकू यायचं. तो पुन्हा म्हणायला लावायचा. त्याला ललिता या नावाची भीती वाटायची. ते नाव कशात अडकत नाही, असं तो म्हणायचा. त्याला पुढे-मागे काही नाही.

शेवटी त्याने नानांना सांगितलं. मी मधे बसून हिंदीचं मराठी केलं, माझ्याच नावाबद्दल. नाना पेपर खाली ठेवून शांतपणे ऐकत होते. ते त्याला पहिल्यापासून दोलुमराव म्हणायचे, आधी थट्टेने आणि नंतर खरंच. "दोलुमराव," ते म्हणाले, "घरात आपण जे म्हणाल ते. शाळेत मात्र ललिताच राहू द्या. ऐन परीक्षेच्या तोंडावर घोळ नको, पोरीचं वर्ष जाईल." मधलं नाव आपलं लावलं आहे, बापाचं नाही, हे त्यांना तेव्हाच जाणवलं असावं, कारण ते चष्मा पुसत राहिले. आणि माई दुसऱ्या दिवसापासून मला लुमरी म्हणायला लागली. "लु... लुमरी, ताट घे गं." ती थबकायची, आठवायची, मग म्हणायची. आबो ते ऐकून मान हलवायचा, या वेळी पसंतीने. ती विसरली की स्वतःच जीभ चावायची. फार प्रयत्न केला तिने.

एकदा नाना त्याला नदी दाखवायला घेऊन गेले. नदीच्या आवाजाशिवाय त्याला झोप येत नाही, असं तो म्हणत होता. पुलावर उभं राहून त्याने मुठेचं ते काळं, थांबलेलं पाणी बघितलं आणि नानांना विचारलं, "इसको क्या हुआ?" नानांनी मला नंतर सांगितलं की इतक्या वर्षांत या प्रश्नाचं उत्तर त्यांना कोणी मागितलंच नव्हतं. त्यानंतर पहाटे नळाला पाणी आलं की आबो मोरीत जाऊन बादली भरेपर्यंत शेजारी बसायचा.

तो गेला त्याच्या आदल्या दुपारी त्याने मला जवळ बसवून आमच्या भाषेत पुष्कळ काही सांगितलं. खोकल्याने मधे मधे थांबून, पण सलग. हिंदीत सांग, असं मी म्हटलं नाही, कारण तो थांबला असता. मी त्याचा हात धरून ऐकत राहिले. आईचं नाव दोनदा आलं. नदीचं आलं. शेवटी त्याने काहीतरी विचारलं आणि मी हो म्हणून मान हलवली. मी कशाला हो म्हटलं ते मला आजही माहीत नाही. माझ्या बापाचं शेवटचं बोलणं मी शब्दन् शब्द ऐकलं आणि त्यातलं काहीही माझ्याकडे नाही. पेठेत मला लोक भाषेची बाई म्हणतात.

सकाळी तो गेला. नानांनी त्याला खाली जमिनीवर घेतलं. आपल्याकडेही तसंच घेतात, तेवढं जुळलं. माईने उशाशी कणकेचा दिवा लावला आणि शेगडीत निखारे घातले, कारण मी सांगितलं होतं की विस्तव लागतो. शेजारचे काका न बोलावता आले आणि नानांबरोबर सामान आणायला खाली गेले. खोलीत बायका होत्या, दारात माणसं होती. मी शेगडीपाशी बसले. सगळ्यांच्या देखत आमच्या भाषेत मोठ्याने ओरडायचं म्हणून मला लाज वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटली. मी म्हटलं, मी लुमरी, दोलुमची. आणि पहिल्यांदाच ते खरं वाटलं. मी बादोला हाक मारली. दार उघड, आला आहे, बसव, पुढे पाठव. माझा आवाज चढला, आमच्या लोकांचा असतो तसा, नदीच्या वर. मला खरोखर दिसत होतं. तो बुटका माणूस कोट काढून बादोच्या विस्तवाशी बसला, उठला, पुढे निघाला. मी तेबाला हाक मारली.

"ललिता," मागून माई म्हणाली, "पाणी घाल गं बाळ त्यांच्या तोंडात. लेकीच्या हातचं मिळू दे."

आणि मी वळले. "हो माई," म्हटलं.

तिच्या हातात तिचा तो तांब्याचा लहान गडू होता, तोंड लाखेने बंद केलेला. काशीहून आणलेलं गंगाजल. तिने ते देवघरात स्वतःसाठी ठेवलं होतं, आपल्या शेवटच्या घोटासाठी, आणि नानांना बजावून ठेवलं होतं. लाख तिने सुरीने नुकतीच फोडली होती. एका परक्या, मांस खाणाऱ्या, जातीपातीचा पत्ता नसलेल्या माणसासाठी. तिचे डोळे वाहत होते. तोंडून हाक निघाली ती तिच्या सवयीची निघाली, आणि ओ गेली ती माझ्या सवयीची गेली. पाच अक्षरांचाही वेळ लागला नाही. मी गडू हातात घेतला तेव्हा कळलं काय झालं. तेबाचं दार उघडं होतं आणि त्यात कोणी नव्हतं.

मी पाणी घातलं. तुळशीचं पान ठेवलं. परत शेगडीकडे वळून पहिल्यापासून सुरुवात केली, मी लुमरी, आणि पुढे शब्द येईनात. तेवढ्यात खालून माणसं वर आली आणि नाना हळूच म्हणाले, "बाळ, आता उशीर नको." आमच्याकडे पुरतात, डोंगराकडे तोंड करून. इथे जाळलं.

मला माईचा राग आला. आजही येतो. तिच्याइतकं माझ्यावर कोणी प्रेम केलं नाही हेही खरं आहे, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी मेळ घालायचा उद्योग मी आता सोडून दिला आहे.

दहाव्याला नानांनी नदीकाठी पिंड ठेवला. मुलगा असल्यासारखं सगळं त्यांनीच केलं. कावळा शिवेना. कावळे होते, शेजारच्या पिंडांवर तुटून पडत होते, पण आमच्या पिंडाकडे एकही बघेना. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. नाना हात जोडून म्हणाले, "दोलुमराव, लुमरीला खूप शिकवीन. काळजी नसावी." नाही. माई म्हणाली, "तिला कधी अंतर देणार नाही." नाही. काका म्हणाले, "त्या बांबूच्या वासावरून मी बोललो ते मनात ठेवू नका हो." तरी नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला माहीत होतं कावळा का शिवत नाही. इच्छा राहिली होती असं नव्हतं, तो तिथे पिंडापाशी नव्हताच. तो माझ्या मागे उभा होता. हे नदीकाठी मराठीत कसं सांगायचं? शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. पुण्यात अडलेल्याची सोय असते.

शिकून परत जायचं होतं ते मी गेले नाही. नानांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, इथेच बरं आहे. बाप अर्ध्या वाटेवर ठेवून त्याच्या भावांसमोर कोणत्या तोंडाने उभी राहू, हे मी त्यांना सांगितलं नाही. पुढे चाळिशीत एकदा जाऊन आले. गाव खाली रस्त्यावर आलं होतं, पत्र्याची घरं, टीव्ही. आबोच्या चुलत भावाची नातवंडं माझ्याशी शुद्ध हिंदीत बोलली. त्यांची नावं रोहित आणि जॉन होती. हाका मारणारे म्हातारे संपले होते. आता तसं कोणी करत नाही, आता प्रार्थना असते, असं आबोचा भाऊ म्हणाला, आणि मला त्यात सुटका वाटायला हवी होती. वाटली नाही. परतीच्या गाडीत शेजारची सीट रिकामी होती आणि तिच्यावर मी सामान ठेवलं नाही.

हल्ली खराडीकडे गेलं की आमच्यासारखे चेहरे दिसतात. ऑफिसांच्या दारांवर, मोमोच्या गाड्यांवर, हॉटेलांत. मी थांबून विचारते. प्रत्येक जण वेगळ्या नदीचा निघतो. आमच्या नदीचं अजून कोणी भेटलं नाही. एक पोरगी मोमो बांधून देताना म्हणाली, "आंटी, आपकी मराठी बहुत अच्छी है." मी म्हटलं, होगी ना.

माई शेवटी बरीच वर्षं अंथरुणावर होती. एका दुपारी तिने अचानक विचारलं, "त्या दिवशी तू म्हणत होतीस ते काय होतं गं?" मी म्हटलं, प्रार्थना होती. "पूर्ण झाली होती ना? मी मधेच पाण्याला बोलावलं तुला. नंतर मला वाटत राहिलं." मी म्हटलं, झाली होती माई. तिने डोळे मिटले. तिच्यासाठी मी नवं गंगाजल मागवलं होतं, आणि तिच्या वेळी मी तिच्याकडे तोंड करून बसले, तोंडात पाणी घालेपर्यंत कुठेही वळले नाही.

आता नाना नाहीत, माई नाही. मी लग्न केलं नाही, तेव्हा 'री'वरून सुरू होणारं कोणी नाही. ही नावं माझ्यापाशी संपतात. रक्ताच्या माणसानेच हाका माराव्यात हा नियम मी थोडा वाकवते आहे. मला तसा अधिकार आहे की नाही माहीत नाही, पण विचारायला कोणी उरलेलं नाही. मधले शब्द काही केल्या आठवत नाहीत. नावं मात्र सगळी आहेत आणि ती वर लिहिली आहेत. मी गेले की शेजारपाजारच्या कोणी, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी, हे ज्याच्या हाती असेल त्याने, थोडा विस्तव करावा. गॅससुद्धा चालेल. आणि मोठ्याने म्हणावं, लुमरी. मग दोलुम, मग बादो, तेबा, कोते, सिको. सावकाश म्हणा, आम्ही दोघं असू, आणि त्याला दम लागतो. फक्त मधे कोणी मला ललिता म्हणून हाक मारू नका. मी वळेन.